कॉलेज आणि कारखाना मिळून सेन्सर बनवायचा तर? नागपूरच्या कारखानदारांचे नेहमीचे प्रश्न

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. टेंपरेचर आणि व्हायब्रेशनचे सेन्सर बनवतो, जुने रिपेअर करतो, कॅलिब्रेशनची कामं घेतो. काही वर्षांपासून इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजसोबत काम करून राहिलो, आणि तेव्हापासून बुटीबोरीवाले, हिंगण्यावाले, कळमेश्वरचे मित्र भेटले की तेच तेच विचारतात. प्रत्येकाला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहून टाकावं.

सेन्सर तर ऑनलाईन मिळतो, दोन दिवसात घरपोच. कॉलेजकडे जायचंच कशाला?

बाजारातला चालत असेल तर तोच घ्या, मी पण तेच घेतो. साध्या पाण्याच्या टाकीला पीटी१०० (टेंपरेचरचा साधा सेन्सर, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स वाढते) लावायचा आहे, ०° ला १०० ओहम आणि १००° ला साडेअडतीस जास्त, झालं काम, त्यात रिसर्च करायला काही नाही.

पण काही ठिकाणी सेन्सर बदलून बदलून माणूस थकतो आणि खरं कारण कोणालाच कळत नाही. आमच्याकडे एक फर्नेसवाला ग्राहक होता, के टाईप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून केलेला टेंपरेचर सेन्सर) दर काही महिन्यांनी बदलायचा, आणि बदललं की काही दिवस माल चांगला यायचा, मग परत बिघडायचा. ऑपरेटर म्हणे बर्नर खराब आहे, बर्नरवाला म्हणे ऑपरेटरला येत नाही. मी ते जुनं थर्मोकपल घेऊन कॉलेजच्या मेटलर्जीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी वायर कापली, पॉलिश केली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि मला बोलावून दाखवलं, वायरवर हिरवट थर. याला ग्रीन रॉट म्हणतात. ८०० ते १००० डिग्रीच्या आसपास, थर्मोकपलवरच्या संरक्षक नळीच्या आत ऑक्सिजन कमी असला की वायरमधलं क्रोमियम एकटंच जळत जाते, आणि मग थर्मोकपल खऱ्यापेक्षा कमी टेंपरेचर दाखवते. कमी दिसलं की कंट्रोलर अजून आग वाढवते. म्हणजे माल जळून राहिला होता आणि डिस्प्लेवर सगळं बरोबर! के टाईपमध्ये एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट निघतात, तर २० डिग्रीची चूक म्हणजे एक मिलिव्होल्टसुद्धा नाही, मल्टीमीटर लावून कोणाला काय समजणार.

उपाय साधा निघाला, नळी मोठ्या व्यासाची घेतली म्हणजे आत हवा खेळते, आणि जिथे ते जमत नव्हतं तिथे एन टाईप, म्हणजे वेगळ्या मिश्रधातूंचं थर्मोकपल, लावलं. पण ते कारण माझ्या वर्कशॉपमध्ये मला दहा वर्षांत सापडलं नसतं, कारण माझ्याकडे तो मायक्रोस्कोप नाही आणि तो वाचायची नजर पण नाही. फायदा विचारता नं, तर माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच आहे. सेन्सर का मेला ते कळते.

असं मिळून काम करून खरंच काही मोठं झालं आहे का कुठे?

झालं आहे, आणि संत्र्याच्या गावात राहणाऱ्यांना आवडेल अशी गोष्ट आहे. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात लिंबू-संत्री पिकवणाऱ्यांच्या संघात ग्लेन जोसेफ नावाचे केमिस्ट होते. त्यांना लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायचा होता. पण रसात सल्फर डायऑक्साईड टाकलेला असायचा, त्यानं लिटमसचा रंग उडायचा आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड पण बिघडायचा. काचेचा इलेक्ट्रोड चालला असता, पण त्याचा सिग्नल इतका बारीक की त्या काळच्या मीटरला दिसायचाच नाही, आणि जास्त करंटसाठी काच पातळ केली की ती फुटायची. जोसेफ आपल्या जुन्या वर्गमित्राकडे गेले, ते म्हणजे कॅलटेक या तिथल्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे प्राध्यापक अर्नॉल्ड बेकमन. बेकमननी काचेला हात नाही लावला, त्यांनी व्हॅक्यूम ट्यूब घेऊन एक अ‍ॅम्प्लिफायर बनवून दिला. काही दिवसांनी जोसेफ परत आले, म्हणे अजून एक पाहिजे, पहिला लॅबमधले बाकीचे लोकच वापरून राहिले आहेत. तेव्हा बेकमनच्या लक्षात आलं की हे विकता येते. १९३५ मध्ये तो ऍसिडिमीटर नावानं बाजारात आला आणि आजचा आंबटपणा मोजायचा पीएच मीटर त्याच वाटेनं आलेला आहे. तुमच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर), ज्यूस प्लांटमध्ये, डाईंगमध्ये जो पीएच प्रोब लटकलेला असते नं, तो मूळचा लिंबाच्या रसाचा प्रश्न आहे.

यात मला काय आवडतं सांगू? प्रश्न कारखान्याकडून आला. प्राध्यापकांना घरी बसून तो सुचला नसता. आणि उत्तर कॉलेजातून आलं, कारण रसवाल्यांना व्हॅक्यूम ट्यूबचं काही माहीत नव्हतं.

नागपुरात आहे का असं वातावरण, का पुण्या-मुंबईलाच जावं लागते?

अहो इथे तर पायाच तसा घातलेला आहे. एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, १९४२ मध्ये सुरू झाली ती कामठीचे उद्योजक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठाला ठेवलेल्या पैशातून. एका उद्योजकानं स्वतःच्या कमाईतून उपयोजित विज्ञान शिकवायला पैसा दिला, तेव्हा आपण कॉलेजच्या गेटवर जायला कशाला लाजायचं. व्हीएनआयटी १९६० पासून आहे, तेव्हा व्हीआरसीई म्हणायचे, जुने लोक अजूनही तेच म्हणतात. नीरी, म्हणजे पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था, आहे, हवा-पाणी मोजायच्या कामात त्यांचं देशभर नाव. वाडीला अ‍ॅल्युमिनियमचं संशोधन केंद्र आहे. ट्रिपल आयटी आली. कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन केंद्रं पण इथेच आहेत. आणि गिऱ्हाईक म्हणाल तर कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं, वेकोलि (कोळसा), मॉइल (मँगनीज), बुटीबोरी, मिहान. माणसंही आहेत आणि कामही आहे, दोघांची भेट होत नाही एवढंच.

कॉलेजला यातून काय मिळतं? ते आपल्यासाठी कशाला वेळ घालवतील?

त्यांना खरा डेटा मिळतो, आणि त्याची त्यांना किती भूक आहे ते आपल्याला कळतच नाही.

बेअरिंगचं उदाहरण घ्या. मशीन लर्निंगनं बेअरिंग फॉल्ट ओळखायचे प्रोजेक्ट आजकाल प्रत्येक कॉलेजात चालतात, आणि त्यातले बरेचसे एकाच डेटावर चालतात, अमेरिकेच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह युनिव्हर्सिटीनं फुकट दिलेल्या. २ हॉर्सपॉवरची मोटर, आणि बेअरिंगला स्पार्कनं मुद्दाम भोक पाडलेलं. डेटा चांगला आहे, जगभर त्याच्यावर शिकले लोक, मुलांची अ‍ॅक्युरसी पण ९९ टक्के येते. पण आपल्या क्रशरचं बेअरिंग असं नीट गोल भोक पडून मरत नाही हो. ग्रीस संपते, धूळ जाते, बेल्ट जास्त ताणलेला असते, बाजूची मशीन त्याच फाउंडेशनवर हादरून राहिली असते. ६२०५ नंबरचं बेअरिंग १४४० आरपीएमवर असलं तर बाहेरच्या रिंगचा फॉल्ट गणितानं ८६ हर्ट्झच्या जवळ दिसायला पाहिजे, पण शॉपफ्लोअरवर त्या ८६ च्या आजूबाजूला इतका कचरा असते की शोधून काढणं हेच खरं काम.

आम्ही एका कारखान्याच्या परवानगीनं सहा ब्लोअरवर सेन्सर ठेवले, चांगले-वाईट सगळे, आणि वर्षभर रेकॉर्ड होऊ दिलं. ज्या पोट्ट्याचं मॉडेल कॉलेजात ९९ टक्के देत होतं ते इथे पहिल्या आठवड्यात रोज खोटा अलार्म देऊन राहिलं होतं. त्यानं ते सोडलं नाही, मेंटेनन्सच्या दादांसोबत रात्रपाळीला बसला, कोणता आवाज कशाचा ते विचारून घेतलं, आणि शेवटी जे बनवलं ते आज तिथे चालू आहे. त्याला एमटेकचा थिसिस मिळाला, सरांना पेपर मिळाला, कारखान्याला ब्लोअर बंद पडायच्या आधी खबर मिळून राहिली. आणि दादांचा कान, जो ते रिटायर झाल्यावर निघून गेला असता, त्यातला थोडा तरी त्या प्रोग्राममध्ये राहिला, याचं मला जास्त समाधान आहे.

लॅबमध्ये चाललेला सेन्सर कारखान्यात का मरतो?

नागपूरचा मे महिना, हे पहिलं उत्तर. बाहेर ४५-४६ डिग्री, पत्र्याचा शेड, त्याच्यावर लावलेला काळा बॉक्स, आणि बॉक्सच्या आत आम्ही मोजलं तेव्हा ७० च्या वर गेलं होतं. साध्या कमर्शियल ग्रेडच्या आयसी (इलेक्ट्रॉनिक चिप) ० ते ७० डिग्रीसाठीच असतात, इंडस्ट्रियल ग्रेड -४० ते ८५ ची. आमचा पहिला प्रोटोटाईप एसी लॅबमध्ये चार महिने झकास चालला आणि शेडवर तीन दिवस. डिस्प्ले काळा पडला, चिकटवलेला सेन्सर गोंद मऊ होऊन सरकला. चूक कोणा एकाची नाही, आम्ही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. आता आमचा नियम आहे, बॉम (लागणाऱ्या सुट्या भागांची यादी) फायनल करायच्या आधी विद्यार्थी आणि सर दोघांनी दुपारी २ वाजता जागेवर येऊन उभं राहायचं, बॉक्स जिथे लागणार तिथेच. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० डिग्रीला साधारण अर्धं होते हे पुस्तकात त्यांनी शंभरदा वाचलेलं असते, पण पत्र्याखाली उभं राहिल्यावर ते डोक्यात बसते.

मग पावसाळा. दिवसा तापलेला बॉक्स पहिल्या पावसात एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ग्लँडमधून (केबल आत जायच्या तोंडातून) ओलावा ओढून घेते. मग धूळ, वेल्डिंग मशीनचा नॉईज, व्हीएफडीचा (मोटरचा स्पीड बदलणाऱ्या ड्राईव्हचा) नॉईज, आणि कोणीतरी केबलवर ठेवलेली ट्रॉली. अशासाठीच जुनं ४-२० मिलिअ‍ॅम्प (रीडिंग ४ ते २० च्या करंटमध्ये पाठवायची पद्धत) अजून टिकून आहे, लांब केबलमध्ये करंट हरवत नाही आणि वायर तुटली की ० दिसते, म्हणजे तुटल्याचं लगेच कळते.

गॅस सेन्सरवर काम करायचं आहे, खाणींसाठी. काय सांभाळावं?

मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असला की स्फोट होऊ शकते, त्यामुळे इथे चालढकल नाही. कॅटॅलिटिक सेन्सर, ज्याला पेलिस्टर म्हणतात, त्याला सिलिकॉनची वाफ म्हणजे विष. आपण बॉक्स सील करायला जे नेहमीचं सिलिकॉन सीलंट मारतो त्याच्या वाफेनं सेन्सरच्या आतल्या गॅस ओळखणाऱ्या मण्यावर थर बसते आणि सेन्सर आंधळा होते, बाहेरून मात्र चालू दिसते, रीडिंग ० दाखवत राहते. आम्ही हेच करून बसलो असतो. ड्रॉईंग पाहता पाहता एका केमिस्ट्रीच्या सरांनी विचारलं सील कशानं करणार, आणि मी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. अशा वेळी वाटते की एवढ्या एका प्रश्नासाठीच कॉलेजचे सगळे पैसे वसूल.

मंजुरीचं सुरुवातीपासून डोक्यात ठेवा. ज्वलनशील वातावरणातल्या इलेक्ट्रिकल उपकरणांना पेट्रोलियमच्या ठिकाणी पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या सरकारी संस्थेची, मंजुरी लागते आणि पेसोचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. खाणीसाठी डीजीएमएस (खाण सुरक्षेचं सरकारी कार्यालय), ते धनबादला. डिझाईन पूर्ण झाल्यावर मंजुरीचा विचार केला तर सगळं परत करावं लागते, सर्किटची एनर्जी किती, बॉक्सचे जॉइंट कसे, हे पहिल्या कागदावरच पाहिजे.

पेटंट कोणाचं?

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात म्हणून जरा जुनं सांगतो. धरमकाट्याच्या लोडसेलमध्ये (वजन घेणाऱ्या भागात) जो स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारी बारीक वायर, असते तो १९३८ च्या सुमारास दोन ठिकाणी वेगवेगळा निघाला, कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि अमेरिकेच्याच एमआयटीत आर्थर रूज. रूज भूकंपात पाण्याच्या टाक्यांवर काय ताण येते ते पाहत होते, बारीक वायर चिकटवून मोजलं. एमआयटीच्या पेटंट समितीला यात व्यापारी दृष्टीनं विशेष काही दिसलं नाही, त्यांनी हक्क रूजना देऊन टाकले. सिमन्सचं उलटं झालं, त्यांना आपल्याच संस्थेविरुद्ध कोर्टात जावं लागलं, आणि १९४९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आज जगातल्या बहुतेक काट्यांमध्ये तीच वस्तू आहे.

म्हणून पहिल्या दिवशी लिहून घ्या, सर वाईट आहेत म्हणून नाही, चांगले संबंध टिकावे म्हणून. आधीपासून कोणाकडे काय होतं ते वेगळं लिहा. नवीन जे निघेल त्यात कोणाचा किती वाटा, कारखान्याला वापरायची परवानगी कशी, दुसऱ्याला विकता येईल का, आणि विद्यार्थ्यानं डोकं लावलं असेल तर शोधकर्त्यात त्याचं नाव आलंच पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही.

आणि पेपर छापायच्या आधी पेटंटचा अर्ज. आपल्या कायद्यात नवीनपणा लागते, आणि कॉन्फरन्समधल्या पोस्टरनंसुद्धा तो जाऊ शकते. थोड्या सवलती आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. सोपा रस्ता म्हणजे प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाकायचा, १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन द्यायचं, मग मुलगा खुशाल पेपर छापू शकते. २०२१ पासून शिक्षणसंस्थांना पेटंट फीमध्ये ८० टक्के सूट आहे, ते पण सरांना विचारा.

एमओयू (सहकार्याचा करार) झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो पेपरात आला. पुढे वर्षभर काहीच नाही. असं का?

कारण एमओयूमध्ये प्रश्नच लिहिलेला नसते. "संशोधन क्षेत्रात परस्पर सहकार्य" असं लिहिलं की कोणी काय करायचं हे कोणालाच माहीत नसते. त्यापेक्षा एक पान लिहा. कोणती मशीन, काय मोजायचं, किती ते किती रेंज, किती चूक चालेल, आज कसं मोजता, चुकलं तर किती नुकसान होते, आणि जागेचे चार फोटो. "आम्हाला इंडस्ट्री ४.० करायचं आहे" असं सांगितलं तर समोरचे सर काय करणार बिचारे. "नंबर ३ च्या गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचं ते तेल न काढता कळलं पाहिजे" असं सांगा, दुसऱ्या दिवशी फोन येतो की नाही पहा.

आणि दोन्हीकडे एकेक माणूस ठरवा. प्लांट हेड आणि एचओडी (विभागप्रमुख) नाही, त्यांना वेळ नसते. मेंटेनन्सचा एक इंजिनिअर आणि एक पीएचडीवाला विद्यार्थी किंवा तरुण प्राध्यापक. गेटपास, सेफ्टी शूज, हेल्मेट यांची सोय आधीच करून ठेवा. आमचा एक पूर्ण महिना गेटपासात गेला आहे.

कॉलेजवाले फार वेळ लावतात.

लावतात. परीक्षा असते, सबमिशन असते, खरेदीला टेंडर लागते. पण आपणही त्यांना बुधवारी ये म्हणतो आणि बुधवारी ब्रेकडाऊन असला की गेटवर दोन तास बसवतो, हे पण खरं आहे. घाईचं काम त्यांना देऊच नका, जे या आठवड्यात पाहिजे ते विकत आणा. ड्रिफ्ट (रीडिंग हळूहळू सरकत जाणं), आयुष्य, नवीन मटेरियल, सिग्नलमधला नॉईज काढणं, अशी वर्षभराची कामं द्या. सेन्सर हा एका दिवसात तपासायचा प्रकारच नाही, तो उन्हाळा, पावसाळा, हिवाळा पाहून घेतल्यावरच कळते कसा आहे ते, आणि वर्षभर शांतपणे तेच तेच मोजत बसायला लागणारा धीर कॉलेजात असते, आपल्याकडे डिस्पॅच असते.

पैसे किती, आणि जीएसटी?

टेस्टिंगचा रेट ठरलेला असते, कन्सल्टन्सी बोलून ठरते, आणि विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट असेल तर बहुतेक वेळा सामान आणि स्टायपेंड एवढंच. मुलांकडून फुकट काम करून घेऊ नका, निदान गाडीचं पेट्रोल आणि जेवण तरी द्या. कन्सल्टन्सीवर १८ टक्के जीएसटी धरून चाला. २०२४ च्या सप्टेंबरात जीएसटी कौन्सिलनं ठराविक विद्यापीठं आणि संशोधन संस्थांना मिळणाऱ्या रिसर्च ग्रँटवर सूट द्यायचं ठरवलं होतं, तर तुमचा करार ग्रँटमध्ये बसते की कन्सल्टन्सीत हे सीएला दाखवूनच सही करा.

आमचा डेटा बाहेर गेला तर?

एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, करा आणि डेटातून उत्पादनाचे आकडे काढून टाका. व्हायब्रेशनच्या फाईलमध्ये मोटरचा नंबर पुरतो, ऑर्डर किती ते कोणाला कळायची गरज नाही. पण सगळंच लपवलं तर ते काम करू शकणार नाहीत.

माझं युनिट आठ माणसांचं आहे. मला कोण विचारेल?

मला विचारलं, माझ्याकडे तेव्हा सहा होते. लहान युनिटमध्ये मालक स्वतः मशीनपाशी उभा असतो, विद्यार्थ्यानं विचारलं की तिथेच उत्तर मिळते, परवानगीचे पाच कागद नाही लागत, आणि सरांना ते फार आवडतं. एकट्याला जमत नसेल तर एकाच रस्त्यावरच्या तीन-चार युनिटनी मिळून एक प्रश्न न्या. कॉम्प्रेसर सगळ्यांकडे आहे, हवेची गळती सगळ्यांची आहे.

कधी आणि कोणाकडे जाऊ?

फायनल इयरचे प्रोजेक्ट नवीन सत्र सुरू झालं की जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात, म्हणून जूनच्या शेवटी जा. दिवाळीनंतर गेलात तर मुलांचे विषय ठरून गेलेले असतात. डीन ऑफिस किंवा इंडस्ट्री सेलमध्ये नाव नोंदवा, पण तेवढ्यावर थांबू नका, त्या विषयाच्या लॅबमध्ये जाऊन लॅब असिस्टंटला भेटा, कोणते सर खरंच हात काळे करतात ते त्यांना बरोबर माहीत असते. प्रेझेंटेशन नको. मेलेला सेन्सर पिशवीत घालून घेऊन जा, तारखेची चिठ्ठी लावून, कधी लावला आणि कधी गेला.